लाल पटक्याचं अस्तर

अब्बा, तुमची धाकटी कात्री गेल्या महिन्यात धार लावून आणली. धारवाला म्हणाला, ही फेकून द्या ताई, नवी घ्या, किती घासायची हिला. मी म्हटलं, तू तुझं चाक फिरव. अजून मलमल अशी कापते की आवाज येत नाही. अंगठ्याच्या कडीला तुम्ही गुंडाळलेली चिंधी मात्र कधीच झिजली, आताची चौथी आहे. आपण घरात आपली मुसलमानी बोली बोलायचो, पण ती मला लिहिता येत नाही. शाळा मराठी, वह्या मराठी. आणि तुम्हीसुद्धा खरे रागावलात की गिऱ्हाइकांशी बोलायची मराठीच तोंडात यायची तुमच्या. तेव्हा मराठीतच लिहिते.

तुम्ही गेल्यावर मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. साताऱ्यात, घराच्या पुढच्या खोलीत, तुमच्याच पायाच्या मशीनवर (त्याला मोटर बसवलीय, रागावू नका) जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवते. भाजीच्या नव्हेत हां. खांद्याला अडकवायच्या, वर चेन, आत अस्तर, मोबाइलला कप्पा. साडी मधून विरते, पण काठ शाबूत असतात. पँटचा गुडघा फाटतो, पण मागचे खिसे ठणठणीत, ते मी तसेच्या तसे उचलून पिशवीवर लावते. आधी उसवायचं, मग धुवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. उसवण्यात अर्धा दिवस जातो आणि मला तेच लय आवडतं. बाया कापड द्यायला येतात त्या तासभर बसतातच. हा लेकीचा पहिला फ्रॉक, ही सासूबाईंची साडी, त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही पण टाकवत नाही. तुम्ही म्हणाला असता, नवं शिवायचं सोडून चिंध्या काय चिवडतेस. म्हणा खुशाल. सकाळी मशीनवर बसले की मला बरं वाटतं, अब्बा, एवढं तुमच्या कानावर घालायचंच होतं.

वाईचं दुकान अजून डोळ्यांपुढे आहे. घाटाकडे उतरणाऱ्या बोळात, एक गिऱ्हाईक आत शिरलं की दुसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढंसं. तुम्ही मशीनवर, मी खाली पोत्यावर बसून ब्लाउजांना हुक लावतेय. तुमच्या दोन सवयींना बाकीचे शिंपी हसायचे. शिवून उरलेली कातरण, अगदी बोटभर रुंदीची पट्टीसुद्धा, तुम्ही गुंडाळी करून कपड्यासोबत परत द्यायचात. आणि कापड ज्यात बांधून आलं असेल, ते फडकं असो की वर्तमानपत्र, त्यातच ते शिवून परत जायचं. वरच्या फळीवर या फडक्यांची चळत असायची. ती पडली की मीच लावायची.

मी बारा वर्षांची असेन. शाळेतल्या एका बाईंच्या ब्लाउजचा हिरवा रेशमी तुकडा, जरीच्या काठासकट, तळहाताएवढा, मशीनखाली पडला होता. तुम्ही गुंडाळी करायच्या आत मी तो उचलला आणि तीन दुपारी माळ्यावर बसून हातशिलाईनं बटवा शिवला. नाडी ओवली आणि मोठ्या तोऱ्यात तुमच्या हातात दिला. तुम्ही तो उलटा केलात, कपाळावरचा चष्मा खाली घेतलात, आतली शिवण नखानं तपासलीत. ‘टाके सारखे हायत,’ म्हणालात. मी फुलून गेले. मग त्याच आवाजात, ‘कापड कुनाचं?’ मी म्हटलं, खाली पडलं होतं. ‘खाली पडलं म्हंजे आपलं झालं व्हय? जा, बाईंना देऊन ये. आन् नुसतं देऊ नगंस, तोंडानं सांगून ये.’ मी रडले, अम्मी मध्ये पडली, तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. मी गेले. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, बाई काय म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ही कात्री माझ्यापुढे ठेवलीत. माझ्या अंगठ्याला कडी मोठी होते म्हणून चिंधी गुंडाळलेली. ‘आपली चूक जो सांगून येतो, त्येच्या हातात कात्री द्यायला मला भ्या न्हाई,’ एवढंच बोललात आणि मशीन चालू केलंत.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. म्हसवडकडची एक म्हातारी इथं लेकीकडे राहायला आली होती. लेक तिला घेऊन माझ्याकडे आली. म्हातारीला तीन लेकी, आणि तिघींना आपल्या लुगड्यांची एकेक पिशवी करून द्यायची होती. मी गेल्यावर भांडाय नगं, म्हणाली आणि स्वतःच हसली. चार इरकली लुगडी होती, लाल कापडात बांधून आणलेली. गठुडं ठेवलं, चहा घेतला, गेली. मी सगळं धुऊन वाळत घातलं. ते लाल कापड पातळ, मऊ, धुऊन धुऊन डाळिंबाच्या सालीच्या रंगावर आलेलं. मला वाटलं, अस्तरासाठीच दिलंय. कापलं की मी. तुमच्या फळीवरची ती चळत रोज लावलेली पोरगी मी, आणि त्या दिवशी मला ती आठवू नये.

तिन्ही पिशव्या होत आल्या आणि लेकीचा फोन आला. आई विचारतेय, पटका जपून ठेवलाय ना. कुठला पटका, असं विचारतानाच माझी नजर कापलेल्या लाल अस्तराकडे गेली. तिच्या वडिलांचा, म्हातारीच्या मालकांचा होता. शेवटपर्यंत डोक्याला बांधायचे तो. म्हातारी कुठंही निघाली की सामान त्यातच बांधते, म्हणजे मालक सोबत आहेत असं वाटतं तिला. मी फोनवर म्हटलं, आहे, आहे. आणि बाजारात गेले. लाल पटका मिळतो. दुकानदारानं उलगडून दाखवला. दहा वेळा धुतला, चार दिवस उन्हात टाकला तर रंग उतरेल, म्हातारीची नजरही अधू आहे, कळायचं नाही. पन्नाशी उलटलेली बाई मी, त्या दुकानात उभी राहून हे खरोखर ठरवत होते. पिशवीत हात घातला तर तुमची कात्री लागली, धार लावायला म्हणून बरोबर घेतलेली. दुकानदारानं विचारलं, बांधून देऊ का. मी नको म्हटलं आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. पिशव्या दाखवायच्या आधीच सांगून टाकलं. मावशी, तुमचा पटका मी कापला, अस्तर समजून, आणि काल फोनवर खोटं बोलले. लेक बोलली, चांगली घसघशीत बोलली, आणि तिचं काही चुकत नव्हतं. म्हातारीनं एक पिशवी ओढून घेतली, चेन उघडली, आत हात घातला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवून बसली. मग लेकीला म्हणाली, ‘गप गं. तुमच्या तिगींच्या वाटनीला बाप आला की.’ आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, ‘पर मला काय ऱ्हायलं?’

अब्बा, तेव्हा तुम्ही कामाला आलात. तुमची कातरणीची सवय मला लागलेली आहे. प्रत्येक पिशवीच्या आतल्या कप्प्यात मी उरलेल्या पट्ट्या गुंडाळून ठेवते. तिन्ही कप्प्यांतल्या लाल गुंडाळ्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. तिनं एकेक उलगडून सपाट केली. एका पट्टीला फाटलेलं जोडायला जुनी दांड घातलेली होती, काळ्या दोऱ्याची. ‘ह्यो माझा टाका,’ म्हणाली. मग विचारलं, ह्येची चंची हुईल का? पानसुपारी ठेवायची, कप्प्याकप्प्यांची, कमरेला खोचायची चंची. मी तिथंच बसून शिवली. पट्ट्या जोडत गेले, काळा टाका वर येईल असा ठेवला. म्हातारी शेजारी बसून, हितं कात ऱ्हाईल, हितं चुना, असं मला शिकवत होती, आणि लेकही शेवटी चहा टाकायला आत गेली. निघताना चंची कमरेला खोचून तिनं वरून दोनदा थोपटली. मला म्हणाली, शिवाय कुनी शिकिवलं? मी म्हटलं, वडिलांनी. ‘मानूस चांगला व्हता तुजा बाप,’ म्हणाली. मी नुसती मान हलवली.

ती गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी भात जास्तीचा लावला. आणि जेवण झाल्यावर मशीनचा खण उघडला. बॉबिनांच्या मागे तो हिरवा बटवा आहे. जरीचा काठ काळा पडलाय, नाडी तुटलीय, टाके अजून सारखे आहेत. हा कागद घड्या घालून त्यातच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकू. त्या दिवशी मी बाईंच्या दारापर्यंत गेले होते. आतून त्यांचा आवाज येत होता. मग घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसले आणि पुरेसा वेळ झाल्यावर घरी आले. पुढच्या वेळी त्या ब्लाउज टाकायला आल्या तेव्हा पोत्यांमागे दडले होते, ते तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तुम्ही विचारलं होतं, बाई काय म्हणाल्या. मी कडीच वाजवली नव्हती, अब्बा.