नीताच्या विमानाचा चढ

पेण, मंगळवार, दिवेलागण

लेकीच्या कंपनीचं छोटं विमान आज पहिल्यांदा उडणार होतं. इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर. चढताना मोटरने जोर धरला नाही तर सगळं काम बंद. आणि मी सकाळी फोनवर विचारून बसलो, "कुठे निघालीस, नीता?" नीताच्या आईने डोळे वटारले, "निघताना 'कुठे' विचारतात होय?" पंपांच्या मोटरी दुरुस्त करण्यात हयात गेली माझी, तरी ते 'कुठे' दिवसभर टोचलं. का बरं?

आत्ता फोन आला. "बाबा, चढलं! मोटरने अस्सा जोर लावला, इंजिन इंधन कमी प्यायलं!" मला रडूच फुटलं.

ही धावली शेजारी. "नीताचं विमान बॅटरीवर उडालं गो!"

मी ओरडलो, "अगं, निम्मंच बॅटरीवर!"

"निम्मं तर निम्मं! वर अख्खं गेलं ना?"