बघूया तरी

डिलाईल रोड,
६ जानेवारी २०२५

ती. बकुळाताईस,
अजितचा सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की काल दुपारी चिवड्याची वाटी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती, आणि ती अलीकडे सरकवावी हे माझे तीन अर्ज फेटाळण्यात आले. जिंकणाऱ्यापाशी वाटी, असा कायदा आपल्या जगदीशने काढलाय. म्हणजे सलग चौथ्या रविवारी ती मालनकाकीपाशी.

रविवारची ही पोकरची बैठक माझ्या खोलीत तूच सुरू केलीस आणि घशाचं ऑपरेशन करून मोकळी झालीस. डॉक्टरांनी दोन महिने बोलायला बंदी घातलेली, मोबाईलवर टाइप करायचा तुला तिटकारा. तेव्हा माटुंग्याला पत्र. बरंच आहे. या खोलीतून फोनवर रडायचं तर अर्धा मजला ऐकतो.

रडणं हे की काकी डाव सोडून पत्ते टाकतच नाही. काल माझ्या हातात काही नव्हतं, पण चेहरा असा केला की जणू एक्क्यांची जोडी आहे. शंभर लावले. जगदीश पळाला, शेजारचा हितेंद्रही पळाला. काकीने बटव्यातून शंभराची नोट काढली आणि म्हणाली, बघूया तरी काय आसा ता. तिच्याकडे पंज्यांची जोडी! पंज्यांच्या जोडीवर शंभर कोण लावतं? आणि वर जिंकतं? मी हा खेळ पुस्तकं वाचून शिकलो गं.

लोभ आहेच, सध्या थोडी कीवही चालेल.
तुझा,
अजित

माटुंगा,
९ जानेवारी

चि. अजित यास अनेक आशीर्वाद.

घसा सुधारतोय. मी गप्प आहे याचा आनंद घरात जरा जास्तच उघडपणे साजरा होतो आहे.

तुझं दुखणं सोपं. जी बाई काही झालं तरी बघणारच, तिला घाबरवायला जातोस कशाला? गाढवापुढे गीता वाचली तर चूक गाढवाची नसते. थापा बंद कर. हातात काही नसेल तर निमूट पत्ते टाक. डाव चांगला आला की मात्र लाजू नको. वीसच्या जागी साठ लाव, ऐंशी लाव. ती पैसे टाकून बघेल. दहांत तीनदा तू हरशील, सातदा ती. गणित एवढंच.

एक बजावते. शिवाकाका गेल्यापासून काकी लालबागचा जिना उतरते ती फक्त रविवारी, तुमच्याकडे यायला. तिला हरव, खुशाल हरव. पैशांची तिला ददात नाही. पण शिकवायला जाऊ नकोस. ती यायची थांबली तर मला तोंड दाखवू नको.

कालिंदीला आशीर्वाद. तुझ्याशी संसार करते, तिला दोन जास्त.
बकुळाताई

डिलाईल रोड,
१३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज्ञा पाळली. दोन तास साधूसारखा पत्ते टाकत बसलो. चारच्या सुमारास हातात दोन दश्श्या आल्या आणि मधल्या, सगळ्यांच्या सामाईक पाच पत्त्यांत तिसरी दश्शी नि दोन राण्या. फुल हाउस! आधी चाळीस लावले, मग ऐंशी, शेवटी दोनशे. दर वेळी काकी म्हणाली, बघूया तरी. तिच्या हातात एक भिकार गुलाम. संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीस जिंकलो. वाटीही आली. चिवडा मऊ पडला होता.

आता पुढचं रागावू नकोस. काकी हसत होती. हरलेल्या माणसाने थोडं तरी हरल्यासारखं दिसावं की नाही? मला राहवलं नाही. कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागे तक्ता काढून दिला: कोणते पत्ते ठेवायचे, कोणते टाकायचे. कालिंदीने टेबलाखालून दोनदा लाथ मारली. मला वाटलं चहा हवाय का विचारतेय. काकीने कागद घडी करून बटव्यात ठेवला.

माया कमी करू नयेस, ही विनंती.
अजित

माटुंगा,
१६ जानेवारी

अजित,

आशीर्वाद पुढच्या पत्री, वागणूक पाहून.

दुभत्या म्हशीला तू उपास शिकवलास. पण पैसे गेले खड्ड्यात. त्या बाईला तू चारचौघांत सांगितलंस की तिला खेळता येत नाही. रविवारी काय होतं ते लगेच कळव.
बकुळा

डिलाईल रोड,
२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

व्हायचं तेच झालं. काकीने तक्ता मांडीवर ठेवला, चष्मा लावला आणि पत्ते टाकत सुटली. एकवीस डाव! कुणाचे पत्ते उघडायची वेळच येईना. कोण काय दडवून बसला होता यावरचे टोमणे बंद, शिव्या बंद. बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखे चौघं. बाविसाव्या डावाला ती चाळीसपर्यंत आली, आणि मला जुनी खाज सुटली. हातात सत्ती नि तिर्री असताना ऐंशी लावले. तिने तक्ता पाहिला, माझा चेहरा पाहिला आणि पत्ते टाकले. एकशे साठ मी ओढून घेतले. मग डोकं दुखतं म्हणून ती उठली. पुढच्या रविवारचं बघते म्हणाली, पण तिचं ते नेहमीचं बघणं नव्हतं.

पत्ते गोळा करताना तिचे दोन उलटे झाले. दोन्ही राजे. तिसरा राजा मधे पडलेला होता.

आज कामावर जायच्या आधी लालबागला गेलो. तिला सगळं सांगितलं, सत्ती-तिर्रीसकट. शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. ती एवढंच म्हणाली की मेल्या, मगे माका भियवलंस कित्याक? मग आपणहूनच सांगू लागली. जिंकायला ती कधी बसलीच नव्हती. तुझ्या काकाने चाळीस वर्षांत मनातलं कधी दाखवलं नाही, म्हणाली. तुमच्याकडे वीस रुपयांत माणूस उघडून दाखवतात, त्याला महाग कोण म्हणेल?

एकशे साठ पुढे केले तर तिने हात झटकला. खेळातलं खेळात. दारापर्यंत आली आणि विचारलं, रविवारी तीनला की साडेतीनला. मी म्हटलं, तीनला.

खाली वाण्याकडे तिच्या महिन्याच्या खात्यावर दोनशे दहा बाकी होते. त्यातले एकशे साठ भरले, आणि काकीने विचारलं तर बेरीज चुकली होती म्हणून सांग, असं त्याला बजावून कामावर गेलो.

मागच्या पत्रात राहिलेले आशीर्वाद सवडीने पाठव.
तुझा,
अजित