बावीस तासांचं नियोजन

१५ सप्टेंबर
प्राचार्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं: १८ ऑक्टोबरपर्यंत शेती-अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम संपला नाही, तर पुढच्या वर्षी पेपर माझ्याच विभागातल्या बन्सीलालला. अकरा वर्षं हा पेपर माझा आहे. आणि बन्सीलालने आयुष्यात टीचिंग प्लॅन केलेला नाही! हे आकसाने लिहितोय का? तपासलं. नाही.

२२ सप्टेंबर
प्लॅन तयार. बावीस तास, चार रंग. त्यापायी आठवडाभर वर्गावर जाता आलं नाही. पण नियोजन हेही अध्यापनच. बन्सीलालने विचारलं, नाना, यंदा होळी लवकर का? माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. नाना मुद्दाम म्हणतो.

२४ सप्टेंबर, सकाळी १०
प्लॅन नोटीस बोर्डावर. पोरांनी गर्दी करून फोटो काढले. कृतज्ञता अजून शिल्लक आहे.

१ ऑक्टोबर
वर्ग रिकामा. शिपाई लोटनभाऊ म्हणाले, बठ्ठा पोरं कापूस येचाले गयात सर, तुम्हीबी घर जा. गेलो नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं उभा राहिलो, सर्वांची गैरहजेरी मांडली, मुद्दा सातपुढे 'झाला' लिहिलं. हे खोटं ठरतं का? शिक्षक हजर होता. ठरत नाही.

७ ऑक्टोबर
संध्याकाळच्या धुळे एसटीत पुढच्या सीटवर प्लॅन सुधारत होतो. फाट्यावर वेचणीचे मजूर चढले. डोक्याला फडकी, अंगभर कापूस. बन्सीलाल मागे त्यांच्यात बसून मोठमोठ्याने हमीभाव सांगत होता. तेही उलट विचारत होते. प्राध्यापकाने किती खाली उतरावं! सीटवर पडलेला कापूसच कानात घातला.

१३ ऑक्टोबर
आज एसटीत बन्सीलालचा विषय पीकविमा. कंडक्टरकडे तक्रार केली. तो म्हणाला, तुम्हीबी आयका ना सर, चांगलं समजाडी राहिनात. जास्त कापूस घातला.

१८ ऑक्टोबर
माझे तास अठरा, विद्यार्थी शून्य. मॅडमनी वर्गप्रतिनिधी दिपमालाला बोलावलं. बोटांवर बोंडांचे ओरखडे. म्हटलं, आता हिची सुटका नाही. अभ्यासक्रम किती झाला, मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, पूर्ण झाला मॅडम, एसटीत. सरांचा प्लॅन मोबाइलवर होताच, त्याच क्रमाने बन्सीलाल सरांनी शिकवला. हे सर पुढच्याच सीटवर असायचे. आम्हाला वाटायचं, लक्ष ठेवताहेत.

पेपर बन्सीलालला. मला वेळापत्रक समितीचं अध्यक्षपद. सदस्य कोणी नाही.

संध्याकाळी ६, एसटीत
मागून दिपमालाने हाक मारली, सर, मागे या, जागा धरली आहे, रिव्हिजन चालू आहे. बन्सीलाल म्हणाला, या नाना.

गेलो नाही. कानातला कापूस मात्र काढला.