फ्लेक्सवरचे ज्येष्ठ मार्गदर्शक

१४ नोव्हेंबर

चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. सिग्नल झाकला गेला, पण भाऊ दिसतात. यंदा महापालिकेला उभे राहणार, म्हणून फ्लेक्सही दुप्पट. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. शेवटच्या रांगेत डावीकडून तिसरा मी! विचारलं नाही, सांगितलं नाही. फोटोखाली 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. वीज खात्यात अख्खी नोकरी गेली, माझ्या मार्गदर्शनानं कोणी साधा फ्यूज बसवला नाही.

फोटो कोजागिरीचा, मफलरसकट. बाजूला सौ. उभी होती. तिला कापलं, पण अर्धा कान आणि एक कुडी राहून गेली.

सौ. म्हणाली, "अजी, मार्गदर्शक तुम्ही, अन् कान माहा?"

भाजीच्या निमित्तानं दोनदा चौकात जाऊन आलो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१६ नोव्हें.

पेपर, पान तीन. दोन चाकूहल्ले, दोन्ही 'क्षुल्लक कारणावरून'. एक पानठेल्यावरच्या उधारीच्या खर्‍यावरून, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीवरून, दुसरा गाडीचा हॉर्न वाजवला म्हणून. या शहरात मोठ्या कारणावरून कोणी भांडतच नाही. आमच्या गल्लीचं गटार दिवाळीपासून तुंबलंय, त्यावरून अजून कोणी कोणाला ढकललंसुद्धा नाही.

त्याच पानावर नेहमीचा 'अज्ञात इसम'. हा इसम बहुतेक वेळा अख्ख्या वस्तीला माहीत असतो. ओळखत नाहीत ते फक्त पोलीस आणि पेपरवाले. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कुकरची शिटी होऊ द्या आधी.

१९ नोव्हें.

सकाळी नेहमीसारखं मित्र वझलवारसोबत फिरायला. नाल्यापलीकडच्या नव्या लेआउटपर्यंत गेलो. धुकं बरंच. एका प्लॉटवर जेसीबी चालू, भिंत पाडून झालेली, बदामाचं झाड आडवं. पिंटू चहा पीत उभा होता. भाऊंचा उजवा हात, बुलेटवाला.

"काय सुरू आहे गा?"

"साफसफाई करून राहिलो, काका. भाऊंनी सांगतली."

मला वाटलं, निवडणूक आली, स्वच्छतेची मोहीम निघाली. म्हणालो, "छान, छान! होऊनच जाऊ द्या." पिंटूनं हात जोडले. वझ.नंही मान हलवली.

एक निळं फाटक मातीत पडलं होतं. कुठं तरी पाहिल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर पोहे होते, विसरून गेलो.

२१ नोव्हें.

फाटक कुठं पाहिलं ते कळलं. आमच्या खिडक्यांना लावून उरलेला रंग मीच दिला होता. शोभाताईंना.

शो.ताई आमच्या भिंतीपलीकडच्या घरात भाड्यानं राहतात. त्यांचा नवरा भोयर माझ्याच खात्यात होता. त्यानं तो प्लॉट घेतला, भिंत घातली आणि पुढच्याच वर्षी गेला. तेव्हापासून बाईंचं एकच चाललंय: तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि घरमालकाचं तोंड पाहायचं नाही. माहेर भिवापूरचं. दर हिवाळ्यात तिथून मिरची आणतात, पहिली पिशवी आमच्याकडे. सौ. दुकानातली मिरची घेतच नाही.

आता त्या प्लॉटवर टिनाचं शेड आहे आणि 'सदर जागा खाजगी मालकीची' अशी पाटी. मालक कोण, ते पाटीवर नाही. बाई विचारायला गेल्या, तर पिंटू म्हणाला, तुमच्या शेजारच्या काकांले विचारा, ते तर छान म्हणून गेले.

दुपारी बाई फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. सौ.ला म्हणाल्या, "माही भिंत पडून राहिली होती, अन् तुमचे हे छान छान म्हणून राहिले होते म्हणे. फ्लेक्सवर पाह्यलं तवाच समजाले पाहिजे होतं मले."

मी आत खुर्चीत होतो. उठलो नाही. काय सांगणार होतो, धुकं होतं म्हणून?

२४ नोव्हें.

'विधवेचा भूखंड हडपण्याचा प्रयत्न, अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा.' पान तीनच, खालच्या कोपर्‍यात. शेवटचं वाक्य: 'परिसरातील काही प्रतिष्ठित नागरिकांच्या भूमिकेचीही चर्चा आहे.'

आयुष्यात एकदा तरी पेपरानं आपल्याला प्रतिष्ठित म्हणावं अशी फार इच्छा होती. म्हटलं एकदाचं.

आज सौ.ला वाचून दाखवलं नाही. तिनं आधीच वाचलं होतं.

२६ नोव्हें.

फ्लेक्स छापणार्‍याकडे गेलो. माझा चेहरा काढून दे म्हणालो. तो हसला. "काका, एक चेहरा काढता येत नाही जी. अख्खा फ्लेक्सच उतरवा लागते. अन् भाऊंचा फ्लेक्स उतरवते कोन?" मग म्हणाला, पावसाळ्यापर्यंत ऊन लागून आपोआप पांढरा पडेल.

वझ.ला गाठलं. म्हटलं, चल, ठाण्यात सांगू की पिंटू होता. वझ. म्हणाला, "मले तर काही दिसलंच नाही गा. धुकं, अन् वरून मोतीबिंदू." त्याचा मोतीबिंदू गेल्या वर्षीच काढला. दवाखान्यात डबा मीच घेऊन गेलो होतो.

३ डिसेंबर

भाऊ स्वतः घरी. शाल, नारळ, सोबत पिंटू आणि एक फोटो काढणारा. ज्येष्ठांचा सत्कार म्हणे. सोफ्यावर बसले, चहा घेतला, सौ.च्या पाया पडले. बोलायला गोड माणूस.

"काका, विरंगुळा केंद्र काढून राहिलो आपण बगीच्यात. अध्यक्ष तुम्हीच."

मी म्हटलं, भाऊ, तो प्लॉट शोभाताईंचा आहे.

"अरे तेचं टेन्शन तुम्ही काहून घेता? कोर्ट आहे, कागद आहेत. तुम्ही तं फिराले गेले होते. धुकं होतं म्हणे लय." मग कप खाली ठेवत, अगदी सहज, "मनीष कळमेश्वरले जाते नं रोज? बाईकनंच? काटोल रोड लय खराब झाला काका. ट्रकवाले पाहतच नाही."

फोटोवाल्यानं फोटो काढला. त्यात मी हसतो आहे असं सौ. म्हणते. असेल. शाल अंगावर पडली की माणूस हसतोच.

आमच्या लेकाची, मनीषची, एमआयडीसीतली नोकरी, येणं-जाणं, बाईक, रस्ता. भाऊंना सगळं माहीत आहे. गप्प राहा असं काही म्हणाले नाहीत, आणि धमकी तर मुळीच दिली नाही. दिली असती तर पेपरला तरी देता आली असती.

शाल काढून खुर्चीवर टाकली. ते गेल्यावर.

८ डिसें.

आज दुसर्‍या पक्षाचे उमेदवार आले. त्यांनी शाल आणली नाही, मोठा आवाज आणला. "हा भूमाफिया आम्ही गाडून टाकतो काका! तुम्ही फक्त आमच्या सभेत दोन शब्द बोला." शो.ताईंना त्यांनी कालच स्टेजवर बसवलं होतं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. मी सौ.सोबत मागं उभा राहून पाहिलं. आम्ही दिसलो तशी बाईंनी मान फिरवली.

सभेत बोलणार नाही म्हणालो. गेले. गल्लीतल्या गटाराचं पाहतो म्हणून गेले, ते जास्त पटलं नाही.

१५ डिसें.

भाऊंना तिकीट नाकारलं गेलं. संध्याकाळी त्यांनी त्याच दुसर्‍या पक्षात प्रवेश केला. आठ तारखेला जे गाडून टाकणार होते, त्यांनीच हार घातला. पेपरात फोटो आहे, दोघंही छान हसताहेत. उमेदवारी आता भाऊंची, आणि ते गाडणारे शहर उपाध्यक्ष. भूमाफिया गेला कुठं, ते काही छापलं नाही.

शो.ताईंना स्टेजवर बोलवणं बंद. सौ. सांगत होती, बाई एकट्याच ठाण्यात जातात. तिथं विचारतात, कोणी पाहिलं का? कोणाचं नाव आहे का? नाव नाही तोवर अज्ञात इसम.

नाव मला माहीत आहे. दिवसभर तोंडात घोळवत बसलो.

१८ डिसें.

सौ.नं दुकानातून मिरची आणली. कांडून आणली, डब्यात भरली. रंग लाल, तिखट नावाला. जेवताना म्हणाली, "मिरची नाही आली, ते चालन मले. पण ती नळावर माह्याकडं पाहत नाही. वीस वर्ष झाले, आम्ही एकमेकीच्या घरून साखर आणली. ते नाही चालत."

मनीषला सगळं सांगितलं. तो चिडला. "बाबा, काहून पडता त्यात? तुमचं वय काय, ते लोक कोन. मले रोज जावं लागते त्या रस्त्यानं." बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि आणखी मोठ्यानं.

झोपायला गेला तेव्हा म्हणालो, हेल्मेट तरी घालत जा. हे मी कॉलेजपासून सांगतोय. म्हणाला, केस खराब होते.

२१ डिसें.

शो.ताईंकडे गेलो. मधलं अंतर एका भिंतीचं, पण चप्पल घालायलाच खूप वेळ लागला. म्हणालो, ताई, मला खरंच कळलं नव्हतं ते तुमचं आहे म्हणून. फाटक पाहूनही कळलं नाही.

बाईंनी हातातलं सूप सोडलं नाही. तांदूळ निवडत होत्या.

"भाऊजी, तुमालेही पोरगं आहे. तुम्ही नाही म्हटलं तं मी समजून घेईन. राग नाही ठेवणार. पण मंग उद्या रस्त्यात भेटले, तं कसं काय ताई म्हणून विचारू नका. तेवढं करा."

चहा दिला नाही. बरोबरच आहे.

घरी आलो आणि सौ.वर ओरडलो, चष्मा सापडत नव्हता म्हणून. चष्मा डोक्यावर होता. क्षुल्लक कारणावरून.

२४ डिसें.

चौकात नवा फ्लेक्स. पक्ष नवा, रंग नवा, भाऊ तेच. शेवटच्या रांगेत डावीकडून तिसरा आता वझलवार. 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. त्याचाही कोजागिरीचाच फोटो. मला वाईट वाटायला हवं होतं का कोण जाणे, हायसं वाटलं. म्हणजे मी अजून काही बोललो नाही, तरी मी बोलणार हे त्यांना कळलेलं दिसतं. मला स्वतःला कळायच्या आधी!

जुना फ्लेक्स कोपर्‍यावरच्या चहावाल्यानं टपरीवर अंथरला. माझा चेहरा शेगडीच्या बरोबर वर, धुरानं काळा होऊन राहिलाय.

रात्री जेवताना सांगून टाकलं, उद्या ठाण्यात जातो. सौ.नं पोळी वाढली. मनीष अर्धं ताट सोडून उठला.

२५ डिसें.

सकाळी मनीष कामाला निघाला. मी ओसरीत होतो. गाडी काढली, पुन्हा आत गेला, आणि माळ्यावरचं हेल्मेट काढून आणलं. फडक्यानं पुसलं, घातलं, पट्टा आवळला. कंपनीनं दिलेलं, कधी डोक्यावर चढलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जाऊन या तुम्ही." निघून गेला.

मला रडू आलं. सौ. पाहून राहिली होती, म्हणून शिंक आल्यासारखं केलं.

शो.ताईंना घेऊन पो.स्टे.ला गेलो. ठाणेदार बंदोबस्तात. हवालदारानं जबाब घ्यायला घेतला. आधी निरखून पाहिलं. "काका, भाऊंच्या फ्लेक्सवर तुम्हीच होते नं?" म्हटलं, होतो. आता नाही. तारीख सांगितली, जेसीबी सांगितला, झाड, फाटक. मग नाव सांगितलं. त्याचा पेन थांबला.

"लिहू का? मंग खोडता येत नाही, पाहा."

"लिहा."

जरा जास्तच मोठ्यानं बोललो. बाकावरचे दोघं वळून पाहायला लागले. आणि साफसफाई कोणी सांगितली असं तो म्हणाला, तेही लिहा म्हटलं. 'भाऊंनी सांगतली.' तेही लिहिलं त्यानं. पुढं काय, विचारलं, तर म्हणाला, पाहू.

शूर वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटली, अजून वाटते. हे लिहून ठेवतो, नाही तर वर्षभरानं मी कोजागिरीला काही वेगळंच सांगेन.

परत येताना रिक्षात शो.ताई एकच बोलल्या. "भिवापूरले यंदा मिरची उशिरा आली, भाऊजी." दुपारी पिशवी आणून दिली. आत आल्या, बसल्या, चहा घेतला. सौ.नं लगेच मूठभर मिरच्या तव्यावर टाकल्या. सगळं घर खोकतंय.

आता दिवे लागलेत. मनीष एरवी या वेळेपर्यंत येतो. काटोल नाक्यावर जाम असतो कधी कधी. फोन लावला, उचलत नाही. गाडीवर असला की उचलत नाहीच, मीच बजावलंय.

सौ. दोनदा फाटकाशी जाऊन आली. मग मी गेलो. चौकातून गाड्या वळतात, दिव्यांनी डोळे दिपतात. हेल्मेटमुळे लांबून चेहरा दिसत नाही. हेल्मेट घातलेला प्रत्येक जण मनीषच वाटतो, आणि समोरून निघून जातो.

पुन्हा जातो.