‘इतर’ कप्प्याची भरभराट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि तोही या खेपेला मान ताठ ठेवून (वाकून केलाय असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींची सर्दी गेली का? इकडे सगळे मजेत आहेत, मी तर जरा जास्तच.

कारण सांगतो. आमच्या दरवाज्यांच्या कारखान्यानं वेबसाइट काढली आहे. गिऱ्हाईक घरबसल्या स्वतःचा दरवाजा जुळवतं: फळी निवडा, रंग निवडा, मूठ निवडा, की पडद्यावर दरवाजा तयार. पण त्याशिवाय कारखान्याची तयार डिझाइनंही इतकी झाली, की लोक बघूनच कंटाळायचे आणि निघून जायचे. कुणीतरी त्यांची नीट विभागणी करायला हवी, असं मालक म्हणाले आणि त्यांची नजर गोदामभर फिरून माझ्यावर थांबली. (त्या वेळी मी एकटाच रिकामा बसलो होतो, हे बायकोचं मत. तिला तू ओळखतेस.) ताई, ऊर भरून आला. लहानपणी माझं कपाट तू आवरायचीस; आता अख्खा कारखाना माझ्याकडून आवरून घेतोय. अट एकच होती. महिनाअखेर विक्री वाढली तर ही खुर्ची माझी, नाहीतर पुन्हा गोदाम.

आता लाकूड, लोखंड, काच असे कप्पे कुणीही सोम्यागोम्या पाडील. मी दरवाज्यांचा स्वभाव पाहिला. ‘चारचौघांत मिरवणारे’, ‘कितीही आपटा, तक्रार न करणारे’ (घरात वयात आलेली मुलं असतील त्यांच्यासाठी), ‘आतलं बाहेर जाऊ न देणारे’. मालक अधूनमधून डोकावून काही न बोलता परत जायचे, तेव्हाच मी ओळखलं की त्यांना कौतुकाला शब्द सापडत नाहीत. शेवटी राहिली मालकांनी स्वतः काढलेली डिझाइनं. बोटीसारखी गोल खिडकी, लिंबासारखा पिवळा रंग, उजवीकडे एक नि डावीकडे एक अशा दोन मुठी. ती कुठंच बसेनात, आणि काढून टाकावीत तर मालकांची. मग अगदी तळाशी ‘इतर’ असा कप्पा केला आणि सगळी त्यात कोंबली.

ताई, विक्री दुप्पट झाली, आणि सगळी ‘इतर’मधून. मिरवणाऱ्यांकडे कुणी ढुंकून बघेना. चांगला माल दुकानदार नेहमी मागे दडवून ठेवतो, असा गिऱ्हाइकांचा पक्का समज. मालकांचे डोळे पाणावले; इतक्या वर्षांत त्यांच्या डिझाइनांना कुणी बरं म्हटलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली. आता तूच सांग, तो कप्पा कुणी केला? मी. विचार करून केला का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

कळावे. लोभ आहेच, आता थोडा आदरही असू दे.

तुझा कर्तबगार भाऊ

ता. क. यशानं हुरळून मालकांनी काल सगळेच दरवाजे ‘इतर’मध्ये टाकले. कप्पा एकच उरल्यामुळे कप्पे पाडणाऱ्याचं काम संपलं, आणि गोदामात माझ्या जागी दुसरा माणूस आला आहे. वाईट वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? भावजींना त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात कुणी हवंय का?

आणखी ता. क. भावजींना सांग, मी नुसता गल्ल्यावर बसेन, मालाला हात लावणार नाही. बिजागऱ्या आणि उंदराचे सापळे ते एकाच फळीवर का ठेवतात, हेही विचारणार नाही. निदान पहिला आठवडा.