सात आजोबांची कविता

९ जुलै, सकाळी, अल्माटी
परवा निघायचं. गावी तुझदीसायला, थोरल्या भावाकडे, कुलमानदादांकडे. आगगाडीचे दोन दिवस, पुढे जीपचे दोन तास. एकोणीस वर्षांनी जातोय.

दादा त्र्याऐंशीचे झाले. मुली तीन, तिघी आपापल्या घरी. मुलगा नाही. वडिलांनी हाताने लिहिलेली आमच्या वंशावळीची वही त्यांच्याजवळ आहे. आपल्यामागे ती कोणी सांभाळायची हे या खेपेला ठरवून टाकतो, असा त्यांचा निरोप आलाय. ठरवायचं काय त्यात? माझ्याशिवाय आहे कोण? माझा मुलगा मेइराम? त्याला बायकोच्या वाढदिवसाची आठवण फोन करून देतो.

अकरा वर्षांपूर्वी आईच्या वर्षाच्या जेवणाला मी गेलो नव्हतो, ते दादांनी मनात धरलंय असं सून म्हणते. मनात धरण्यासारखं काय आहे? तेव्हा माझी कंबर धरली होती. त्याच आठवड्यात पेन्शनर मंडळात माझं काव्यवाचन होतं, हा योगायोग. काव्यवाचन बसून करता येतं.

९ जुलै, दुपारी
योजना ठरली. नात अयझान सात वर्षांची झाली. दादांच्या दारात पाऊल ठेवलं की पोराला पहिला प्रश्न असतो, तुझे सात आजोबा सांग. बापापासून वर सात नावं. तिला ती अशी पाठ करून नेणार की दादा आपणहून उठून वही माझ्या हातात देतील.

नावं: मेइराम, मग मी ओराज, माझे वडील बैदुल्ला, त्यांचे वडील कोशान, त्यांचे तिलेप, त्यांचे झानाबिल, सर्वांत वर मालाय.

नुसती यादी. लोकरीच्या गोदामात तेहेतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, अशा याद्या मी शिंकताना लिहिल्यात. मुलाच्या मनात शिरायला कविता लागते. आमच्या शाळेत गुरुजी खिडकी उघडायला लावायचे आणि गवताळ माळाकडे बघत ओळी म्हणायचे. बाहेर घोडीही चरायची थांबायची. सातवीत पठणात माझा दुसरा नंबर आला होता. पहिला तपासनिसांच्या मुलीचा. यावर जास्त लिहीत नाही.

१० जुलै
झाली कविता. चहा गार झाला, पण झाली.

मेइराम, ओराज, बैदुल्ला महान,
तिलेप तो शूर आणि दाता कोशान,
झानाबिल, मालाय कुळाची शान.

कोशान खरं म्हणजे तिलेपच्या आधी यायला हवा. पण तो ओळीच्या शेवटी नसला तर यमक जातं, आणि यमक गेलं की उरतं काय? गोदाम. कवीला एवढं स्वातंत्र्य असतं. दोघेही वारून शंभराच्या वर वर्षं झाली, हरकत घेणार कोण?

११ जुलै, सकाळी ११.२०, गाडीत
निघालो. चार बर्थ, पाच माणसं, नऊ बॅगा. नातू आल्दियार, वय चार, स्टेशन सुटायच्या आत वरच्या बर्थवरून खाली पडला, आणि रडला मेइराम. म्हणजे ओरडला. एकदाच.

खिडकीबाहेर माळ. शाळेच्या ओळी ओठांवर येऊ लागल्या. सून गौहार म्हणाली, बाबा, पाय वर घ्या, ज्यूस सांडलाय.

११ जुलै, ३.००
पहिला पाठ. अयझानला दोन ओळी एका दमात आल्या. रक्तच कवीचं.

गौहार उकडलेली अंडी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, उंटवाले आजोबा आधी ना? विहीरवाले त्यांचे वडील."

आमच्यात सून सासरच्या थोरांची नावं तोंडाने घेत नाही. म्हणून तिने प्रत्येकाला टोपणनाव ठेवलंय. कोशानने उंट पाळले म्हणून उंटवाले, तिलेपने विहीर खणली म्हणून विहीरवाले. मी स्वतः या घरात लोकरवाले बाबा आहे, हे मला ठाऊक आहे. कवितावाले म्हणायला जीभ जड झाली असावी.

मी म्हणालो, सूनबाई, तुला चाल कळत नाही.

ती म्हणाली, "नाही कळत. पण मुलगा बापाचा बाप होतोय."

नाव घ्यायचं नाही आणि दुरुस्ती मात्र करायची. मी अंडं खाल्लं.

१२ जुलै, दुपार
अराल स्टेशन. बायका डब्याच्या दाराशी धुरावलेला मासा घेऊन आल्या. एके काळी इथे समुद्र होता, त्यावर चार ओळी सुचत होत्या. तेवढ्यात आल्दियारने माझ्या वहीत मासा ठेवला. सुचलेलं गेलं. पानाला वास राहिला.

डब्याची देखरेख करणाऱ्या बाईला कविता ऐकवायला अयझानला पुढे केलं. बाई ऐकून म्हणाली, छान, आणि बाळाला चादर दिली का? अडाणी. तिला सात आजोबा विचारले असते तर दोनावर थांबली असती.

मेइराम म्हणाला, "बाबा, दादांसमोर साधी नावंच सांगू द्या ना. म्हातारा माणूस आहे, उगाच कशाला."

मी म्हणालो, तुला येतात का साधी नावं?

तो तिसऱ्यावर अडखळला आणि फोनला रेंज आली का ते बघायला बाहेर गेला.

१३ जुलै, दुपारी, तुझदीसाय
पोचलो. जीपमध्ये आल्दियार माझ्या टोपीत ओकला. चांगली टोपी होती.

दादा दारात खुर्चीवर बसले होते. खूप लहान झालेत. माझ्या लहानपणी ते मला घोड्यावर पुढे बसवून शाळेत न्यायचे, तेव्हा पाठीमागे पहाड असल्यासारखं वाटायचं. मी मिठी मारली. बोलायला दोन ओळी तयार केल्या होत्या, पण आधी दादाच बोलले.

ते म्हणाले, "ओराज, कंबर कशी आहे?"

म्हणजे धरलंच आहे मनात.

वही आत पेटीवर, पांढऱ्या रुमालात. पाहिली. उद्या मेंढा कापणार, गावकी जेवायला. तेव्हाच ठरवणार म्हणे. मी अयझानकडून अकरा वेळा म्हणून घेतलं. गौहार पीठ मळत होती, पुन्हा काही बोलली नाही. शहाणी झाली, असं धरून चाललोय.

१४ जुलै, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीशी खोटं बोलायचं नाही असा माझा नियम आहे, तो आजही पाळतोय.

वीसेक माणसं. ताटात मेंढ्याचं डोकं आलं, रिवाजाप्रमाणे दादांसमोर. दादांनी सुरी हातात घेतली आणि अयझानला विचारलं, "बोल चिमणे, तुझे सात आजोबा कोण?"

अयझान उभी राहिली. मी हाताने ताल धरला. तिने तिन्ही ओळी म्हटल्या, एकही अक्षर न गाळता. आवाज कसा, घंटेसारखा. सातवीतला माझा असाच होता.

कोणी वाहवा केली नाही. पलीकडच्या एका म्हाताऱ्याने दाढीला हात लावला. दादा हळूच म्हणाले, "बैदुल्लाचा बाप कोण म्हणालीस?"

"तिलेप."

"आणि तिलेपचा?"

"कोशान."

दाढीवाला म्हणाला, "अरे वा, अल्माटीत मुलगा आधी जन्मतो काय?" सगळी बैठक हसली. वीस माणसं एका वेळी हसली की मोठा आवाज होतो.

दादा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "असं कोणी शिकवलं?"

मूल म्हणजे मूल. म्हणाली, "आजोबांनी. आई गाडीत म्हणाली उंटवाले आधी, तर आजोबा म्हणाले आईला चाल कळत नाही."

मी यमकाचा मुद्दा मांडला. कोशान शेवटी का लागतो हे सविस्तर सांगितलं. समजण्यासारखा एकही श्रोता नव्हता. दादा म्हणाले, "ओराज, आपल्या पणजोबांनी विहीर खणली म्हणून उंट जगले. तू विहिरीच्या आधी उंट ठेवलेस की उंटांच्या आधी विहीर, मला काही कळेना. सूनबाई, तूच सांग."

गौहार सामोवारपाशी चहा ओतत होती. वाटी खाली ठेवून तिने मान झुकवली. एकही नाव तोंडातून न काढता तिने सातही सांगितले. "या मुलांचे वडील. लोकरवाले बाबा. मग शाळेतले आजोबा, ज्यांनी वही लिहिली. मग उंटवाले. मग विहीरवाले, त्यांना टेकडीमागे पुरलं. मग एका डोळ्याचे. मग सर्वांत वर, जे भावाशी भांडून इकडे आले." प्रत्येकाची बायको कुठल्या घरची, तेही सांगितलं. ते वहीतही आहे की नाही कोण जाणे.

दादांनी विचारलं, कुठे शिकलीस? ती म्हणाली, सासूबाईंकडून, शेवया लाटताना. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं.

म्हणजे माझ्या आईने माझ्या बायकोला, तिने हिला. स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत कविता म्हणत असायचो, तेव्हा आत हे चाललं होतं. मला कोणी बोलावलं नाही. मी म्हणतो, एक हाक मारायला काय झालं होतं?

मग दादांनी मेंढ्याचा कान कापला. कान लहान मुलांना देतात, त्यांनी थोरांचं नीट ऐकावं म्हणून. अयझानने हात पुढे केला. दादांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कान माझ्या ताटात ठेवला. मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

पुन्हा सगळे हसले. दाढीवाल्याला ठसका लागला. मी कान खाल्ला. नाही खाल्ला तर ताटाचा अपमान. चिवट होता.

वही पांढऱ्या रुमालासकट गौहारकडे गेली. दादा म्हणाले, "हिला नावं घेता येत नाहीत, म्हणून ही ती बदलणारही नाही."

१५ जुलै, पहाटे
विचार केल्यावर वाटतं, हे माझ्याच फायद्याचं झालं. वही माझ्याच घरात येणार. सून म्हणजे तरी कोण, माझ्या घरचीच. सांभाळायचा त्रास तिला, वाचायचा आनंद मला. दादांचा डाव खोल आहे. लहानपणापासून ते माझी बाजू अशी आडून घ्यायचे.

निश्चय: परतीच्या वाटेत वहीत माझ्या नावापुढे दोन शब्द भरायचे. इतकी वर्षं जागा रिकामी असेल.

१६ जुलै, दुपारी
निघताना दादा दारापर्यंत आले. काठी टेकत, कोणाचा हात न धरता. म्हणाले, पुन्हा ये. मी म्हणालो, पुढल्या वर्षी नक्की. ते म्हणाले, "पुढल्या वर्षी मी नसेन रे, तरी ये." यावर कविता होते. केली नाही. चष्मा पुसत होतो.

१७ जुलै, सकाळी, गाडीत
गौहारकडे वही मागितली. तिने लगेच दिली. मला वाटलं होतं नाटक करेल.

बैदुल्लापर्यंत वडिलांचं अक्षर, बारीक, सुबक. पुढे दादांचं. माझं पान सापडलं. ओराज, अमुक साली जन्म, बायको अमुक, मुलगा एक. लोकरीच्या गोदामात नोकरी. बस. कवितेचा उल्लेख नाही, सातवीतला दुसरा नंबर नाही. खाली आईच्या वर्षाच्या जेवणाची तारीख आणि पुढे तीन शब्द: ओराज आला नाही.

त्याखाली ताज्या शाईत, थरथरत्या अक्षरात, तेरा जुलैची तारीख: ओराज आला.

दोनदा वाचलं. दादांच्या शब्दांची कंजुषी पाहा. कोणी अकरा वर्षांनी लिहितो तर एखादं विशेषण घालतो. 'अखेर' तरी. 'दुरून' तरी. मी पेन काढलं. 'आला' नंतर चांगली दोन बोटं जागा होती, 'कवी' बसला असता, 'ज्येष्ठ कवी'सुद्धा, जरा दाबून.

गौहार म्हणाली, "बाबा, मासा खाल्लाय तुम्ही. आधी हात धुऊन या."

बरोबर होतं ते. डब्याच्या टोकाला गेलो, रांग होती. परत आलो तेव्हा वही बॅगेत होती आणि बॅगेवर आल्दियार झोपला होता. गौहार म्हणाली, उठवू नका, आत्ताच लागलाय डोळा.

अल्माटीला पोचायला अजून तीस तास आहेत. बसलोय.