पाय बघणारी बाई

वेरवली, ता. लांजा
१२ फेब्रुवारी १९९६

श्री. कैलास यांस सौ. रंजिताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पोचले. इकडे सगळी खुशाल आहोत. आईंचा खोकला उतरला. काजूला मोहर बरा आहे, आता ढग आले नाहीत म्हणजे झाले.

पत्राची पहिली दोन पाने छान होती. तिसरे पान मी चुलीपुढे उभ्यानेच वाचले आणि भाकरी करपली. कंपनीच्या सेफ्टी बुटांनी उजव्या करंगळीवर कुरूप आले, हे समजले. तुम्हाला साखर आहे म्हणून कंपनीच्या डॉक्टरने मनाम्याच्या दवाखान्यात धाडले, हेही समजले. पण तिथे हमीदा नावाची बाई फक्त पायच बघते, इंग्लंडला जाऊन पायांचेच शिकून आली आहे, तिने तुमचा पाय मांडीवर घेऊन अर्धा तास कुरूप तासले आणि तिचा हात फार हलका आहे, एवढे सगळे लिहायची काय गरज होती?

नुसत्या पायांचे शिक्षण मी जन्मात ऐकले नाही. लग्न झाल्यापासून तुमच्या पायाला आईंखेरीज आणि माझ्याखेरीज दुसऱ्या बाईचा हात लागलेला नव्हता. ती दिसायला कशी आहे? वय काय? लग्न झाले आहे का? आई विचारत होत्या. खरे म्हणजे आईंनी काही विचारले नाही, मीच विचारते आहे.

तब्येतीला जपा. लोभ असावा, आणि तो माझ्या एकटीवर असावा.

आपली,
रंजिता

*

नईम, मनामा
२७ फेब्रुवारी १९९६

सौ. रंजितास कैलासचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र खोलीत चौघांना वाचून दाखवले. भाकरी करपली तिथे सगळे हसले. तू जळतेस हे वाचून मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू. इथे आखातात दिवसभर अस्करच्या कारखान्यात माणसे नेऊन सोडायची आणि परत आणायची, एवढेच. आपल्यावरून कुणी जळते आहे म्हटल्यावर गाडी जरा हलकी चालते.

आता तुझी उत्तरे. वय पस्तिशीचे असेल. काळा पायघोळ अबाया, वर पांढरा कोट, जाड चष्मा. लग्न झालेले, तीन मुलगे. पाय मांडीवर घेत नाही, स्टुलावर ठेवते. मांडी मी तुला चिडवायला घातली. हातात मोजे असतात. शिवाय गनी नावाचा मलबारी मदतनीस सारा वेळ खोलीत उभा असतो, तसा तिथला नियमच आहे. म्हणजे पहारा चोख आहे.

मात्र तिचे काम बघण्यासारखे असते. डोळे मिटायला लावते आणि नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवते. लागला की यस म्हणायचे. उजव्या पायाला मी दोनदा यस म्हणालो तेव्हा तिने दोरा लावलाच नव्हता, असे गनीने मागाहून सांगितले. आम्ही दोघे हसलो, ती हसली नाही. कुरूपाला घरी ब्लेड लावायचे नाही, कसले औषध घालायचे नाही, दर पंधरवड्याला यायचे, अशी तिची ताकीद आहे.

आमच्या खोलीतला विठ्ठल सुट्टीवर गावी येतो आहे. येताना त्याच्याजवळ कोकम दे. आईस नमस्कार. राग थोडा कमी करावा, लोभ आहे तेवढाच राहू द्यावा.

तुझा,
कैलास

*

वेरवली
१८ मार्च १९९६

श्री. कैलास यांस सौ. रंजिताचा सा. न. वि. वि.

विठ्ठलभावोजी येऊन गेले. मी चहा पुढे केला आणि सगळे काढून घेतले. दवाखान्याच्या दिवशी तुम्ही दाढी करता, नवे पायमोजे घालता आणि भावोजींच्या बाटलीतले अत्तर लावता म्हणे. कुरूप दाखवायला अत्तर लागते, हे मला ठाऊक नव्हते. इथे घरी येताना तुम्ही कधी लावले होते? तीन मुलगे असोत की तेरा, मला त्या बाईचे नाव नको.

भावोजींना परतायला अवकाश आहे, म्हणून कोकम टपालानेच पाठवते आहे आणि त्याबरोबर बिब्बे. माझ्या माहेरी कुरूपाला दुसरा दवाखाना नाही. बिब्बा सुईला टोचून आचेवर धरायचा, तेल सुटले की थेंब कुरूपावर सोडायचा. चटका बसला की पुरे समजायचे. आठवड्यात कुरूप गळून पडते. मग तिचे काही काम उरत नाही.

आणि तिच्या दारात पाऊल टाकाल तर तुम्हाला माझी शपथ आहे. आता लोभ कोणावर ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

रंजिता

*

मनामा
२१ एप्रिल १९९६

सौ. रंजितास अनेक आशीर्वाद.

हे पत्र दवाखान्यातल्या पलंगावरून लिहितो आहे. आधी हे वाच की मी बरा आहे, ताप नाही, दोन्ही वेळा जेवतो. मग पुढचे वाच.

तू सांगितलेस तसाच बिब्बा घातला. चटका बसेपर्यंत घालायचा, पण चटका बसेचना. म्हणून आणखी थेंब सोडले, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडले. करंगळी काळी पडली तरी दुखेना, तेव्हा मला वाटले कुरूपच मरते आहे. पुढे पायमोजा ओला यायला लागला. हमीदाबाईकडे जायचे मनात आले, पण तुझी शपथ होती. विठ्ठल परत आला, त्याला खोलीत वास आला, आणि त्याने मला शिव्या देत टॅक्सीत घातले.

मोठ्या सर्जनने पुढचा अर्धा पाय काढायचा म्हटले. माझा उजवा पाय, गाडीचा पाय. तो गेला तर नोकरी गेली आणि व्हिसाही गेला. हमीदाबाईने घोट्याजवळ बोटे धरली, नाडी चांगली लागते, रक्त पोचते आहे म्हणून सर्जनलाही बघायला लावली. दोघे माझ्यासमोर अरबीत बोलत होते. मला त्याचे खलास तेवढे कळले आणि तिचे ला, ला, म्हणजे नाही, नाही. शेवटी तो म्हणाला, ठीक, एक बोट. मंगळवारी करंगळी काढली. पाय राहिला. जखम भरली की गाडी चालवता येईल, असे दोघेही म्हणतात.

बिब्बा कुणी सांगितला असे तिने विचारले. मीच आणवला म्हटले.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. उजव्या पायाला जाणीव नाही. दोऱ्याच्या दिवशी तिने तसे स्पष्ट सांगितले होते, आणि मला ते त्याच्या वर्षभर आधीपासून माहीत होते. तू घाबरशील म्हणून लिहिले नाही.

आता रोज तिच्याकडे ड्रेसिंगला जायचे आहे. शपथ मोडून गेलो हे मनाला लागले आहे. शपथ सुटली असे तुझ्या हाताने लिहून पाठव. हवे तेवढे रागव, पण लिही.

तुझा,
कैलास

*

वेरवली
४ मे १९९६

श्री. कैलास यांस सौ. रंजिताचा साष्टांग नमस्कार.

शपथ सुटली, सुटली, सुटली. आईंच्या देखत देवापुढे म्हटले आणि आता इथे लिहिले. रोज जा. ती सांगेल तसा पाय ठेवा, सांगेल तेच बूट घाला. बिब्बा कुणी दिला ते तिला खरे सांगा, तुम्ही माझे नाव झाकलेले मला नको. उरलेले बिब्बे फेकून द्या.

तिने तुमचा पाय वाचवला. त्या उपकारात मी जन्मभर राहीन. तरी मी जळते आहे, आधीपेक्षा जास्त जळते आहे. तिच्या हाताचे आणि चष्म्याचे आता मला काही नाही. माझे दुखणे दुसरे आहे.

गणपतीला आलात तेव्हा रोज दुपारी ओटीवर बसून मी तुमच्या पायांना तेल चोळत होते. तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, बरे वाटते, आणखी थोडे. मी उजव्या पायाला मुद्दाम जास्त वेळ द्यायची, कारण तो गाडीचा पाय. तेव्हा त्या पायाला माझा हात कळतही नव्हता. तिनेही डोळेच मिटायला लावले, आणि तिला एका दोऱ्यात खरे कळले. मला तुम्ही गोड उत्तर देत राहिलात. माझ्या हाताशी खोटे बोलता आले आणि तिच्या हाताशी आले नाही, याचा मला हेवा वाटतो.

सुट्टी मिळेल तेव्हा या. ओटीवर बसा, पाय माझ्यापुढे ठेवा, आणि जिथे कळत नाही तिथे कळत नाही म्हणा. मी तिथेही हात फिरवीन.

लोभ आहे, तो आता मागून घ्यायला नको.

तुमची,
रंजिता